मियोबाची पाळत

मियोबा हाकालिमा हिच्याकडे दूध घ्यायला गेलं की ती आधी तुमचं भांडं हुंगायची. दूध तिचं, घेणारे तुम्ही, पण भांड्यात याआधी काय होतं ते तिला कळायलाच हवं. "उद्या नासलं की माझ्या गाईचं नाव पुढे कराल," असं तोंडावर म्हणायची. दुकानातून साखर आणताना पुडी तळहातावर तोलायची आणि नजर मात्र दुकानदाराच्या चेहऱ्यावर ठेवायची. रविवारी पाद्री एखाद्या सज्जन माणसाची गोष्ट सांगायला लागला की माझ्या कानाशी कुजबुजायची, "हा माणूस याला भेटला कुठे गं?"

मी तिची शेजारीण. नवऱ्याची मिशनच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा या वस्तीत आले आणि तिच्याच हातपंपावर पाणी भरायला लागले. मी तिला मावशी म्हणते. ती मला लुयांदो म्हणून हाक मारते, पण रागावली की 'मास्तरीणबाई' म्हणते.

जुनी माणसं सांगतात, ती पहिल्यापासून अशी नव्हती. लग्नात ढोल वाजले की सगळ्यात आधी उठून नाचणारी, घरात आलेल्याला चिब्वांतूचा, म्हणजे मक्याच्या आंबट पेयाचा, गार भोपळा हातात दिल्याशिवाय न सोडणारी बाई होती. बैल गेले आणि ती बदलली.

पहिल्या नांगरणीच्या तोंडावर तिच्या वाडग्यातून बैलांची जोडी चोरीला गेली. नवरा दामियानो खुरांचा माग काढत काफुए नदीकाठच्या कुरणांपर्यंत गेला. त्या वर्षी तिथे कमरेएवढं पाणी होतं. रिकाम्या हातांनी परत आला तो छातीत घरघर घेऊनच. मक्याला तुरे यायच्या आत गेला. चोर नंतर सापडला. शेजारच्याच वस्तीतला मुनसांजे, गुरांचा दलाल. मियोबाच्या हातचं जेवून गेलेला माणूस. बैल त्याने शहरातल्या खाटकाला विकले होते.

आमच्याकडे गुरं चोरणाऱ्याला कायदा दयामाया दाखवत नाही. मुनसांजेलाही सक्तमजुरीची लांबलचक शिक्षा झाली. लोक म्हणाले, चांगली अद्दल घडली. मियोबाने मात्र कोर्टाच्या व्हरांड्यात कारकुनाला अडवलं आणि विचारलं, "आणि माझ्या माणसाची?"

"बाई, ते या खटल्यात नाही."

"मग कुठल्या खटल्यात आहे?"

कारकून फाइल घेऊन आत निघून गेला. घरी येऊन ती सगळ्यांना एकच सांगत राहिली, "बैलांची शिक्षा झाली. माणसाची राहिली."

पुढे बरीच वर्षं गेली. एका सकाळी तुरुंगाची जीप वस्तीत आली. आतून गणवेशातली एक ठेंगणी बाई उतरली, कसोंडे नावाची. मुनसांजे सुटणार होता आणि तो आपल्या बहिणीकडे, आमच्याच वस्तीच्या टोकाला राहायला येणार होता. त्याआधी गावाशी बोलावं म्हणून ती आली होती. गावप्रमुख सियाबालो म्हाताऱ्याने सगळ्यांना उंबराखाली बोलावलं. पुरुष स्टुलांवर, आम्ही बायका चटयांवर.

कसोंडेबाईंनी सरळच सुरुवात केली. "तुरुंगाच्या शेतावर तो गुरांचं काम शिकलाय. गोचिडांची फवारणी, लस टोचणं, खच्चीकरण, सगळं. तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली होता. तुमच्याकडे दरवर्षी वासरं मरतात. त्याचा उपयोग होईल."

मग हामवींदे खो खो हसत सुटला. हा दामियानोचा धाकटा भाऊ, मियोबाचा दीर.

"म्हणजे गुरं चोरणाऱ्याला तुम्ही गुरांचं शिक्षण दिलंत? वा! आता कुणाच्या वाडग्यात किती जनावरं आहेत, कुठलं धष्टपुष्ट आहे, हे बघायला त्याला कुंपणावरून उडी पण मारायला नको. आम्हीच फाटक उघडून आत घ्यायचं!"

"माझा पोरगा बारावी होऊन घरी बसलाय," मागून कुणीतरी ओरडलं. "त्याला कुणी फुकट शिकवलं नाही. त्यासाठी आधी चोरी करावी लागते का?"

कसोंडेबाई रागावल्या नाहीत. "तुमचं म्हणणं खोटं नाही," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा. शिक्षा संपली की माणूस बाहेर येणारच. मी त्याला नुसते दगड फोडायला लावले असते, तरी तो याच महिन्यात तुमच्या दारात उभा राहिला असता. तेव्हा हातात काही कसब नसलेला, उपाशी आणि चिडलेला माणूस परवडला असता का तुम्हाला?"

"तुम्ही सोडलेले सगळे सुधारतात?" सियाबालोने विचारलं.

"नाही, बाबा. बरेच परत येतात."

"मग?"

"बरेच येत नाहीत."

मियोबा चटईवरून उठली. मोठ्या माणसांपुढे बाईने उभं राहून बोलायची आमच्यात रीत नाही, पण तिला कुणी अडवलं नाही.

"बाई, तुम्ही सगळ्यांना विचारलंत, माणूस कसा बाहेर यायला हवा. मला विचारा, यायला हवा का."

"ते माझ्या हातात नाही, आई."

"माहीत आहे. पण तो सुधारला हे तुम्हाला कसं कळलं? तुरुंगात गाय सरकारची, कुंपण सरकारचं, बंदूकवाला शिपाई सरकारचा. तिथे चोरी कोण करेल? तिथे मीही साध्वी होईन."

सगळे हसले. कसोंडेबाईंनाही हसू आवरलं नाही. पण उत्तर त्यांनी दिलं नाही, आणि ते दिलं नाही हे मियोबाने बरोबर टिपून ठेवलं.

मुनसांजे आला. केस पांढरे, खांदे उतरलेले, बोलताना नजर जमिनीवर. फवारणीचा पंप पाठीला लावून घरोघर फिरला. "फवारून देऊ का? पहिल्यांदा फुकट." कुणी फाटक उघडलं नाही. कुणी अंगावर कुत्रं सोडलं. मियोबाच्या कुंपणापर्यंत तो कधी आलाच नाही. लांबूनच वळून जायचा.

"बघितलंस?" ती मला म्हणाली. "मन साफ असतं तर आला असता."

"आणि आला असता तर?"

"तर म्हटलं असतं, केवढा निर्लज्ज आहे."

तेव्हापासून तिने त्याच्यावर पाळत ठेवायला सुरुवात केली. सरपण तिच्या परसात भरपूर, तरी ती त्याच्या झोपडीमागच्या रानात सरपणाला जायची. रानभाजीचा हंगाम संपला तरी टोपली घेऊन तिकडेच फिरायची. मला वाटेत भेटली की टोपली रिकामी आणि बातम्या मात्र भरपूर. "आज डांबरी रस्त्याकडे गेला होता. एका ट्रकवाल्याशी बोलला." दुसऱ्या दिवशी, "बहिणीवर ओरडला नाही. बहिणीवर न ओरडणारा पुरुष कधी बघितलायस? काहीतरी शिजतंय."

"मावशी, एखाद्या दिवशी काहीच शिजत नसेल."

"मास्तरीणबाई, चूल पेटलेली दिसली की मी एवढंच विचारते, भांड्यात काय आहे."

मग हामवींदेची सासू वारली. ओढ्यापलीकडच्या वस्तीत माती होती. आमच्याकडे मातीला न जाणं म्हणजे मेलेल्याशी वैर होतं असं सांगण्यासारखंच. तान्ही पोरं पाठीला बांधून सगळी वस्ती गेली. गुरं कुरणात मोकळी सोडलेली, राखणीला कुणी नाही. मियोबाने गुडघ्याला फडकं बांधलं आणि निरोप पाठवला की पाय सुजलाय, चालवत नाही. मी विश्वास ठेवला.

आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा कुरणातली गुरं कमी झाली होती. हामवींदेच्या गाई आणि सियाबालोचे बैल. ओल्या मातीतल्या खुरांच्या खुणा डांबरी रस्त्यापर्यंत जात होत्या आणि तिथे मोठ्या चाकांच्या खुणांपाशी संपत होत्या.

कुणाला विचार करावा लागला नाही. मियोबा सोडली तर मातीला न आलेला माणूस एकच. पुरुष काठ्या घेऊन वस्तीच्या टोकाला गेले. मुनसांजेला ओढत उंबराखाली आणलं. गुरांच्याच दाव्याने हात मागे बांधले. एक डोळा आधीच सुजला होता. बहीण मातीत बसून आक्रोश करत होती.

"कुठे होतास दिवसभर?" सियाबालोने विचारलं.

"जुन्या हौदावर."

औषधाच्या पाण्यातून गुरं पोहवायचा तो जुना हौद. सरकारने बांधला, मग विसरलं. माझ्या आठवणीत तो गाळाने भरलेलाच आहे.

"काय करत होतास?"

"गाळ उपसत होतो. हौद चालू झाला तर लोक गुरं आणतील असं वाटलं."

"कुणी बघितलं तुला?"

"कुणी नाही."

"कुणी नाही!" हामवींदे गर्दीकडे वळून म्हणाला. "सगळा गाव माझ्या सासूला माती देत होता आणि हा एकटा गाळ उपसत होता! पोलीस येतील, नेतील, पुन्हा शिकवतील आणि पुन्हा पाठवतील. यावेळी ट्रक चालवायला शिकवतील! मी म्हणतो, इथेच निकाल लावू."

"लावा!" चारी बाजूंनी आवाज आले.

मी मियोबाकडे पाहिलं. ती गर्दीच्या कडेला उभी होती, गुडघ्याला फडकं नव्हतं. ती वळली आणि घराकडे चालायला लागली, तरातरा, अजिबात न लंगडता. मी मागे धावले.

ती आत जाऊन दामियानोच्या स्टुलावर बसली. त्या स्टुलावर तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तो खरं बोलतोय," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मी होते तिथे. सकाळपासून, समोरच्या काटेरी झुडपात. मला वाटलं, गाव रिकामा आहे, आज हा काहीतरी करणार. आज सापडणार." तिने तोंडावरून हात फिरवला. हातावर काट्यांचे ओरखडे होते. "नुसता गाळ उपसत राहिला मेला."

बाहेरचा आरडाओरडा वाढत होता.

"मावशी, मग चल ना! सांग त्यांना."

"काय सांगू? की माझ्या दिराच्या सासूची माती सोडून मी परक्या पुरुषाच्या मागे झुडपात बसले होते?" ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "आणि समजा, नाही सांगितलं. कोर्टाने बैलांची शिक्षा दिली होती. आज माणसाची मिळेल. मला हात उचलायला नको, तोंड उघडायला नको. नुसतं इथे बसायचं."

मी दारातच उभी राहिले. तिच्या जागी मी नव्हते. ती स्टुलाच्या कडा धरून बसून राहिली. मग बाहेर कुणीतरी मारलं असावं, बहिणीची किंकाळी आली. मियोबा उठली.

"नाही केलेल्या चोरीसाठी मेला," ती चप्पल शोधत म्हणाली, "तर केलेल्या चोरीचा हिशेब राहूनच जाईल."

ती गर्दी बाजूला सारत आत शिरली आणि जे होतं ते सांगून टाकलं. सरपण, रिकामी टोपली, खोटा गुडघा, झुडूप, काही लपवलं नाही. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

हामवींदे तिच्याकडे बघत राहिला. "वहिनी, किती दिले याने?"

"काय?"

"विचारतोय, किती दिले? का दुसरंच काही आहे? बाई रोज एका पुरुषामागे रानात जाते, आणि त्याला वाचवायला पुढेही तीच येते. आम्हाला काय खुळे समजलीस?"

लोकांची नजर फिरलेली मला तिथल्या तिथे दिसली. आत्तापर्यंत मुनसांजेवर खिळलेले डोळे तिच्यावर आले. आयुष्यभर दुसऱ्याचं भांडं हुंगणारी बाई पहिल्यांदाच स्वतः हुंगली जात होती. पण ती मागे सरली नाही.

सियाबालोने काठी आपटली. "मियोबा, बघितलंस म्हणतेस तर सांग. काय काय केलं याने?"

"घमेल्याने गाळ काढून पलीकडे टाकत होता. एकदा पाय घसरून पडला, तेव्हा सरकारच्या आईला शिवी दिली. दुपारी मक्याच्या पिठाचा गार इन्सिमा खाल्ला, कोरडाच, तोंडी लावायला काही नव्हतं. अर्धा एका खरजुल्या कुत्र्याला घातला. मग उभा राहिला आणि एकटाच बोलायला लागला."

मुनसांजेने झटकन मान वर केली.

"काय बोलला?"

"माफी मागायची तालीम करत होता. माझी." तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं. "आपल्या रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून, गुडघे टेकून. पुन्हा पुन्हा. नीट जमत नव्हतं. आधी बैलांबद्दल बोलायचा, दामियानोचं नाव मागून घ्यायचा."

मुनसांजेचा सुजलेला चेहरा असा उतरला की हामवींदेनेही काठी खाली टेकवली. सियाबालोने दोन माणसांना हौदावर पाठवलं. ते ओल्या गाळाचा ढीग बघून आले. कुत्रंही तिथेच बसलं होतं म्हणाले. दावं सोडलं, पण कुणी त्याला हात देऊन उठवलं नाही.

काही दिवसांनी पोलिसांना मोठ्या रस्त्यावर तो ट्रक सापडला. काही गाई मिळाल्या. बैल केव्हाच कापले गेले होते. ड्रायव्हर लांबच्या जिल्ह्यातला. त्या दिवशी गाव मातीला जाणार हे त्याला कुणीतरी फोनवर कळवलं होतं, एवढं त्याने कबूल केलं. नाव सांगितलं नाही. तेव्हापासून आमच्या वस्तीत कुणी फोनवर हळू बोललं की शेजारचा कान टवकारतो. मियोबा हामवींदेकडे बघते, हामवींदे मियोबाकडे, आणि सियाबालो दोघांकडे.

आठवड्याने मुनसांजे बहिणीला घेऊन तिच्या अंगणात आला. जमिनीवर बसला, टाळ्या वाजवल्या आणि घसा साफ केला.

"हे ऐकलंय मी," मियोबा म्हणाली. "नाव आधी घे."

त्याने दामियानोचं नाव घेतलं. पुढचं अडखळतच बोलला, आणि बैलांचं राहूनच गेलं. ती ऐकत होती, मका सोलत. शेवटी म्हणाली, "ऐकलं. जा आता." माफ केलं असं ती म्हणाली नाही, त्यानेही विचारलं नाही.

कसोंडेबाईंना हे कुठून तरी कळलं. त्या जीप घेऊन पुन्हा आल्या, खुशीत होत्या. जिल्ह्याच्या सभेत मियोबाने चार शब्द बोलावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. सुधारलेल्या कैद्याची हकीकत, तीही त्याने जिचं नुकसान केलं तिच्याच तोंडून.

"तुमचा माणूस सुधारला असं मी कधी म्हटलं?" मियोबाने विचारलं.

"पण तुम्ही त्याला वाचवलंत, आई."

"त्या दिवशी त्याने चोरी केली नाही, एवढंच मी म्हटलं. एका दिवसाचं. दुसऱ्या दिवसाचं तुम्ही सांगा, तुमच्या सरकारच्या नावाने."

"आम्हाला एक दिवसही पुष्कळ असतो," कसोंडेबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थकवा होता. मला त्या बाईंचं वाईट वाटलं. मियोबाने त्यांना दूध दिलं, भांडं मात्र स्वतःचं.

खरी गोष्ट तिने त्यांना सांगितली नव्हती. ती फक्त मला माहीत आहे, कारण हातपंपावर ती तेच पुन्हा पुन्हा उकरून काढते. "त्याला मी झुडपात दिसले होते का गं? माहीत असेल की मी बघतेय, तर ती तालीम माझ्यासाठीच होती. ते कुत्रं, ते अर्धं अन्न, सगळं सोंग. दलाल होता तो. गिऱ्हाईक कुठे उभं आहे ते दलालाला पाठ फिरवूनही कळतं."

"सोंग असलं तरी गाळ तर खरा उपसला ना."

"तेच तर झोंबतंय."

जानेवारीत वासरांना देंकेते, गोचिडांचा ताप, लागला. कानाखालच्या गाठी सुजतात, श्वास कोंडतो, जनावर उभ्याउभ्या खंगतं. मियोबाची दोन वासरं आडवी झाली. जिल्ह्याचा डॉक्टर येईना. तिसऱ्या घरची, चौथ्या घरची वासरं मेली, तेव्हा तिने मला मुनसांजेकडे पाठवलं. आपण गेली नाही.

तो आला. तिने फाटक उघडलं आणि हातात कोयता घेऊन त्याच्या डोक्याशीच उभी राहिली. बाटली आधी स्वतः हुंगली. सुई कुठे टोचतोस, का टोचतोस, विचारत राहिली. तो सांगत गेला. वासराच्या मानेवरून त्याचा हात सराईतपणे फिरत होता.

मध्येच तिने विचारलं, "त्या दिवशी मी झुडपात आहे हे तुला माहीत होतं?"

त्याने सुई काढली, त्या जागी अंगठा दाबून धरला. "नाही म्हटलं तर विश्वास बसेल?"

"नाही."

"मग विचारता कशाला?"

"तोंड बघायला."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला वस्तीत येऊन इतके महिने झाले, पण नजर वर करून तिच्याकडे बघताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. मग पंप उचलून तो निघून गेला. एक वासरू जगलं, एक मेलं. मेलेल्याचा संशय तिने पूर्ण महिनाभर त्याच्यावर ठेवला, आणि पुढच्या फवारणीला पुन्हा त्यालाच बोलावलं.

"मावशी," मी न राहवून विचारलं, "तोंड बघितलंस, काय दिसलं?"

ती हातपंपाचा दांडा दाबत होती. भांडं भरेपर्यंत दाबत राहिली.

"घाम," ती म्हणाली, "कामाचा का खोट्याचा, ते कळेना," आणि भांडं डोक्यावर घेऊन चालायला लागली.